नाकाडोंगरी : खडकाच्या छपराखालीं

कांहीं प्रवास मनुष्य हौसेनें करतो आणि कांहीं त्याला घरचीं माणसें करावयास लावितात. आमचा नाकाडोंगरीचा प्रवास दुसऱ्या प्रकारांतला. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा खाणकामाचा अभियंता आहे. नागपुरास शिक्षण पुरें करून गेलीं दोन वर्षें तो भंडारा जिल्ह्याच्या मँगेनीज पट्ट्यांत भुयारांच्या छपरांचे हिशेब संगणकावर मांडीत असतो. येथपर्यंत घरांत कोणाची तक्रार नव्हती. परंतु त्याच्या लग्नाचा विषय निघाला, एक मनाजोगतें स्थळ सांगून आलें, आणि मुलीच्या आईनें निरोप धाडला कीं, "मुलगा जमिनीखालीं उतरतो असें कळलें. आम्हांस विचार करावा लागेल."

या निरोपानें वहिनी हिरमुसल्या. पण आमच्या मातोश्रींना मात्र त्या बाईंचें म्हणणें पटलें. त्यास कारण आहे. मातोश्री लग्न होऊन या घरांत आल्या त्याच वर्षीं आमचे थोरले चुलते शेतावरील विहिरींत गेले. विहिरीचें खोदकाम चाललें होतें. कांठाखालीं बोटभर रुंदीची एक चीर पडलेली त्यांनीं आदल्या संध्याकाळीं पाहिली होती, आणि जेवतांना पानावर तसें बोलूनही दाखविलें होतें. "उद्यां पाहूं," असें म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहण्यास खालीं उतरले आणि बाजू ढांसळली. त्या घरांत त्यानंतर विहीर खणली गेली नाहीं. मातोश्रींनीं आम्हांस जवळ बोलावून सांगितलें, "तूं स्वतः जा, डोळ्यांनीं पहा आणि मला येऊन सांग. पोरगा काय म्हणतो तें ऐकूं नकोस. त्याला त्याचें काम गोडच लागणार."

आम्ही मार्गशीर्षांत निघालों. नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीनें कामठीपुढें कन्हानचा पूल ओलांडला कीं मुलुखाचा रंग पालटूं लागतो. नागपुराच्या पश्चिमेची काळी कपाशीची जमीन मागें पडते आणि भाताचीं लहान लहान बांधबंदिस्त खाचरें दिसूं लागतात. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. धान कापून झालें होतें. खळ्यांवर मळणी चालली होती, आणि तुमसर रोडला उतरतांच नव्या तांदुळाचा वास नाकांत भरला. तुमसर हें तांदुळाच्या व्यापाराचें जुनें ठिकाण. येथून एक रेल्वेची फांदी उत्तरेस गोबरवाहीवरून तिरोडीकडे जाते. ही फांदी या रानांत शिरली तिचें कारण मँगेनीज होय. आम्ही मात्र पुतण्यानें पाठविलेल्या गाडींतून सडकेनें गेलों.

तुमसर सोडल्यावर सपाटी हळूहळू संपते. डावीकडे देवगडच्या गोंड राजवटीच्या काळचा आंबागड ज्या डोंगरांत आहे ते डोंगर दिसूं लागतात. सागाचें व बांबूचें रान सुरू होतें. मधूनच मोहाचीं मोठालीं झाडें भेटतात. पलीकडे बावनथडी नदी महाराष्ट्राची व मध्यप्रदेशाची शींव सांभाळीत वाहते. तिच्यावरचें राजीव सागर धरण दोन्ही राज्यांच्या उपयोगाचें आहे. या कोपऱ्यांत नाकाडोंगरी वसली आहे. गांव मोठें नाहीं. बाजारांत मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी अशा चार बोली कानांवर येतात, आणि एकच दुकानदार चारी बोलींत भाव सांगतो. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात आणि त्यांच्यामागें करड्या काळ्या धुळीचा पडदा क्षणभर उभा राहतो. धान, रान आणि खाण या तिहींवर येथील संसार चालतो.

मँगेनीजावांचून चांगलें पोलाद होत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु घरांतील विजेरीच्या कोरड्या घटांत जी काळी पूड असते तींतही मँगेनीजच असतें, हें आम्हांस येथें आल्यावर कळलें. शेजारच्या डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणींतून निघणारें खनिज त्या कामीं येतें. चिखला येथील खाण भुयारी आहे. 1896 सालीं एका इंग्रजी सिंडिकेटनें मध्यप्रांतांत या खनिजाचा शोध हातीं घेतला. तिची पुढें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनी झाली. 1962 सालीं भारत सरकार व दोन्ही राज्यें भागीदार होऊन 'मॉईल' निघाली, आणि 1977 सालीं ती पूर्णपणें सरकारच्या मालकीची झाली. पुढें 2010 सालीं तिचे भाग बाजारांत आले, तरी सत्ता सरकारचीच राहिली.

पुतण्याच्या बिऱ्हाडीं पोंचल्यावर त्यानें प्रथम आम्हांस दगड दाखविले. खिडकींत ओळीनें मांडलेले होते. त्यांतील एकावर बारीक तांबूस कण होते. "काका, हा गोंडाइट. मँगेनीजाचा गार्नेट आणि गारगोटी यांचा बनलेला. भूगर्भ खात्याच्या फर्मोर साहेबांनीं 1909 सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत या खडकाचा सविस्तर विचार केला आहे. येथल्या गोंड लोकांवरूनच त्यांनीं याला नांव दिलें." ज्यांचें रान त्यांचें नांव निदान दगडाला तरी राहिलें, हें ऐकून बरें वाटलें.

दुसरा दगड चमकत होता आणि नखानें त्याचे पापुद्रे सुटत होते. हा अभ्रकमिश्रित शिस्ट. या भागांतील खडकांना भूशास्त्रज्ञ सौंसर गट म्हणतात. शंभर कोटी वर्षांपूर्वींच्याही काळीं पाण्याच्या तळाशीं बसलेले चिखलाचे, वाळूचे व चुन्याचे थर पुढें पृथ्वीच्या पोटांत दाबले गेले, भाजले आणि दुमडले. ज्यांनीं चिरोटे लाटले आहेत त्यांस निराळें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. पदरावर पदर, मग घडी, मग पुन्हां लाटणें. मँगेनीजाचा थर हा त्या घड्यांतला एक पदर. तो काढावयाचा तर घडीबरोबर खालीं खालीं जावें लागतें, आणि वरचे पदर सुटणारे व चिरफाळलेले असले तर तेच भुयाराचें छप्पर बनतात. आमच्या पुतण्याचा पगार या छपराच्या विवंचनेबद्दल आहे.

सह्याद्रीच्या आपल्या ओळखीच्या भुयारांशीं याची तुलना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वेरुळास कारागिरांनीं डोंगर वरून खालीं कोरीत कैलास उभा केला; लेण्यांत जेथें छत रुंद होई तेथें खडकाचेच खांब राखले. 1863 सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या आगगाडीचे बोगदेही त्याच काळ्या पाषाणांतले. तो लाव्ह्याचा खडक. त्याला संधि असतात, पण शिस्टासारखे पापुद्रे नसतात. त्या कारागिरांपाशीं अनुभव होता आणि दगडाचा स्वभाव त्यांना हातानें कळे. येथें दगडाचा स्वभाव पावलोपावलीं पालटतो. पिढ्यांचा अनुभव वाट पाहत बसला तर भुयार पुढें जाणार कसें?

रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यानें संगणक उघडला आणि आम्हांस सर्व विषय पहिल्यापासून सांगितला. समजला तेवढा येथें देतों.

शंभर मीटर खोलीवर वरच्या खडकाचें ओझें दर चौरस मीटरवर सुमारें 270 टन पडतें. तेथें भुयार पाडलें म्हणजे जो दगड आपण काढला त्याच्या वांट्याचा भार शेजारच्यांस उचलावा लागतो; घरांतला एक कर्ता माणूस गेला म्हणजे होतें तसेंच. 1898 सालीं कर्श नांवाच्या जर्मन अभियंत्यानें वाटोळ्या भोकाभोंवतीं हा भार कसा वांटला जातो याचें गणित सोडविलें. दाब केवळ वरून असला तर भोकाच्या दोन्ही बाजूंवर तो तिप्पट होतो आणि माथ्यावर उलट ताण उत्पन्न होतो. दगड दाब पुष्कळ सोसतो. ताण फार थोडा. भेगाळलेल्या दगडाला तर ताण सोसवतच नाहीं, कारण भेगेंत सोसावयाला असतें काय?

परंतु कर्शचें गणित अखंड पदार्थाचें होतें. डोंगर अखंड नसतो. 1946 सालीं टेर्झागीनें भेगांच्या कमीअधिक प्रमाणावरून खडकाचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला किती आधार द्यावा याचें कोष्टक दिलें. 1973 सालीं बीनियाव्स्कीनें व 1974 सालीं नॉर्वेच्या बार्टननें व त्याच्या सहकाऱ्यांनीं खडकाला गुण देण्याच्या रीति बसविल्या. परीक्षेच्या पेपरासारखी ही रीत आहे. भेगा किती जवळ, किती खडबडीत, त्यांत माती आहे कीं पाणी, या प्रत्येकाचे गुण. त्यांच्यावरून आधार ठरवावयाचा. आजही खाणींत प्रथम हेंच करितात.

संगणकाची करामत याच्या पुढची आहे. खडकाचा एक आडवा छेद घेऊन तो लहान तुकड्यांत विभागावयाचा, प्रत्येक तुकड्याला त्याचें वजन व कणखरपणा सांगावयाचा, आणि शेजाऱ्याला तो किती ढकलतो याचा हिशेब करावयाचा. 1971 सालीं पीटर कंडॉल या शास्त्रज्ञानें भेगाळ खडकासाठीं एक निराळीच रीत मांडली. तींत खडक हा एकमेकांस टेकलेल्या सुट्या ठोकळ्यांचा ढीग मानितात. पळाच्याही अत्यंत लहान भागापुरता प्रत्येक ठोकळ्यावरील जोर काढावयाचा, त्यानें तो केवढा हलेल तें पाहावयाचें, हलल्यावर जोर पुन्हां काढावयाचे. असें हजारों वेळां. मनुष्यानें हा हिशेब हातानें करावयाचा तर जन्म पुरणार नाहीं. शेवटीं ठोकळे स्थिरावतात, किंवा त्यांतला एखादा सुटून खालीं येतो आणि त्याच्यामागून त्याचे शेजारी येतात. कमानीच्या माथ्याचा दगड काढला तर कमान राहत नाहीं, तसा भेगाळ छतांतही एखादाच किल्लीचा दगड असतो. 1985 सालीं गुडमन व शी यांनीं अशा दगडांवर एक ग्रंथच लिहिला. तो एक धरला कीं बाकीचे आपोआप धरले जातात.

तो धरावयाचा कसा, तर छताला भोंक पाडून त्यांत लोखंडी सळई घालावयाची व सिमेंटानें पक्की करावयाची. यास रूफ बोल्ट म्हणतात. आमच्या दृष्टीनें ही गोधडीच होय. सुटे पदर टाक्यांनीं एकत्र केले कीं त्यांची जाड एकसंध वस्तु बनते. हिशेब सोपा आहे. छतांत तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाडीचा तुकडा सुटा असेल तर त्याचें वजन सुमारें बारा टन भरतें. एक सळई सहा टन तोलून धरते असें समजलें तर दोन सळयांनीं तो जेमतेम राहील. जेमतेमावर माणसें उभीं करावयाचीं नसतात, म्हणून चार ठोकावयाच्या.

त्यानें पडद्यावर भुयाराचें एक चित्र दाखविलें. दोन भेगांचा कोन त्यानें भरला, त्यांतील घर्षणाचा आंकडा पस्तीस अंश धरला. छत जागच्या जागीं राहिलें. मग तो आंकडा पंचवीस केला. माथ्याचा एक त्रिकोणी तुकडा हळूहळू निसटूं लागला. घर्षणाचा आंकडा म्हणजे काय तें त्यानें स्वैंपाकघरांतील पाटावर वाटी ठेवून दाखविलें. पाट एका बाजूनें उचलीत गेलें तर ज्या तिरपेपणावर वाटी घसरते तो कोन. पाटावर ओली माती पसरली तर वाटी लवकर घसरते. आम्हीं विचारलें, "मग पस्तीस कीं पंचवीस, हें तुला सांगितलें कोणी?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तोच खरा प्रश्न आहे, काका. उद्यां खालीं चला."

दुसऱ्या दिवशीं परवानगी काढून, टोपी, दिवा, बूट असा सर्व साज चढवून आम्ही त्या पट्ट्यांतील एका भुयारी खाणींत उतरलों. मनांत विहीर होती हें कबूल करावयास लाज वाटत नाहीं. खालीं वाटलें होतें तितका कोंडमारा नव्हता. मोठाल्या पंख्यांचा वारा खेळत होता. दिव्याच्या प्रकाशांत अभ्रक असें चमके कीं एखाद्या देवळाच्या गाभाऱ्याची आठवण व्हावी. खनिज काढून मोकळी झालेली पोकळी नदीच्या वाळूनें भरून टाकितात. ही वाळू पाण्याबरोबर नळांतून आंत सोडतात. पाणी निथळून जातें आणि वाळूचा जो भराव राहतो त्यावर उभें राहून वरचें काम करितात. पुतण्या एका भिंतीशीं थांबला, होकायंत्र व कोन मोजण्याचें साधन भेगेच्या पृष्ठाला लावून दिशा आणि उतार यांचे आंकडे वहींत टिपूं लागला. एका भेगेला तीन आंकडे, चार शब्द. अशा शेंकडों भेगा. आदल्या रात्रीं पडद्यावर जें क्षणांत दिसलें त्याचें मूळ हें होतें.

त्याच्याबरोबर एक वृद्ध मिस्त्री होते. पुतण्या त्यांना मिस्त्रीबाबा म्हणे. हातांत लांब लोखंडी पहार. जातां जातां ते पहारेनें छत ठोकीत आणि कान देत. बहुतेक ठिकाणीं खणखणीत आवाज येई. एका वळणाशीं तो बद्द आला. त्यांनीं पुन्हां ठोकलें, मोकळा हात छताला लावला आणि शांतपणें म्हणाले, "साहेब, इथचं छत बरोबर नाई बोलून राहिलं."

पुतण्यानें दिवा फिरविला. आम्हांस कांहीं दिसलें नाहीं. पण त्यानें पाणी मारून छत धुवावयास लाविलें, तेव्हां अभ्रकाच्या पापुद्र्यांतून तिरपी जाणारी एक रेघ दिसूं लागली. तींत मऊ पिवळसर माती भरलेली होती. बोटाची रुंदीसुद्धां नव्हती. आमच्या पोटांत गोळा उठला, कां तें वाचकांस सांगावयास नको. पुतण्या "उद्यां पाहूं" असें म्हणाला नाहीं. त्यानें त्याच क्षणीं सर्वांस मागें घेतलें, तेथें दोरी बांधविली, सुरक्षित जागेवरून त्या भेगेची दिशा व उतार टिपला आणि आम्ही वर आलों.

संध्याकाळीं त्यानें ती भेग आपल्या चित्रांत भरली. आदल्या रात्रीं जें छत उभें राहिलें होतें तेंच आतां राहिना. दोन जुन्या भेगा व ही तिसरी यांच्यामध्यें एक पाचर पुरती सुटी झाली होती. त्यानें एक एक करून सळया घातल्या. कोठें तिरप्या, कोठें उभ्या. मातीच्या भेगेला घर्षण जवळजवळ नाहींच असें धरून हिशेब पुन्हां चालविला. आणि पाचर थांबली तेव्हां कोठें कागदावर आधाराची आंखणी उतरली. दुसऱ्या दिवशीं वरिष्ठांच्या मंजुरीनें सळया ठोकल्या गेल्या. छत व जमीन यांतील अंतर रोज मोजण्यासाठीं दोन खिळेही बसविले. तें अंतर हिशेबाहून अधिक घटूं लागलें तर हिशेब चुकला असें समजावयाचें.

आम्हीं त्याला सरळ विचारलें, "मग तुझें यंत्र चुकलें म्हणावयाचें?" तो म्हणाला, "यंत्र चुकलें नाहीं, काका. आम्हीं त्याला डोंगर अपुरा सांगितला होता. आणि मिस्त्रीबाबांना भेग कळली, पण किती सळया, कोणत्या कोनानें, हें पहारेला सांगतां येत नाहीं."

या बोलण्यावरून आम्हांस 2023 सालची दिवाळी आठवली. लक्ष्मीपूजनाच्याच दिवशीं, 12 नोव्हेंबरास, उत्तरकाशीजवळ सिल्क्यारा येथील बोगदा ढांसळून एकेचाळीस मजूर आंत अडकले आणि सतरा दिवस सारा देश श्वास रोधून बसला होता. परदेशी बनावटीचें प्रचंड यंत्र शेवटच्या कांहीं मीटरांवर मोडून पडलें, आणि राहिलेली माती हातानें उकरून काढणाऱ्या कामगारांनीं वाट पुरी केली. त्यावरून कित्येकांनीं असा निष्कर्ष काढला कीं यंत्रापेक्षां हातच बरे. आम्हांस तो अर्धवट वाटतो. हात पोंचले ते यंत्रानें पाडलेल्या वाटेच्या टोंकाशीं. हिशेबानें नुसत्या अनुभवाला हिणवावें किंवा अनुभवानें हिशेबाला हंसावें, या दोन्ही गोष्टी वर उजेडांत बसून सुचतात. छपराखालीं उभें राहिल्यावर दोघेही हवे असतात, आणि दोघांनीं एकमेकांचें ऐकावें लागतें.

तिसऱ्या दिवशीं परत फिरलों. आठवड्याचा बाजार भरला होता. मातोश्रींसाठीं नवा तांदूळ घेतला. घरीं येतांच त्यांनीं हात पाय धुण्यापुरताही अवकाश न देतां समोर बसविलें. आम्हीं दाबाचें गणित सांगितलें, पाट व वाटी सांगितली, गोधडीचे टाके सांगितले. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पिवळ्या मातीच्या रेघेपाशीं आलों तेव्हां त्यांनीं मान वर केली.

"ती चीर म्हाताऱ्यानें सांगितल्यावर पोरानें काय केलें?"

"त्याच क्षणीं सगळ्यांना मागें घेतलें."

"वाद घातला नाहीं? माझ्या हिशेबांत नाहीं, असें म्हणाला नाहीं?"

"नाहीं. तिला हिशेबांत घेतलें."

मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मुलीच्या आईला हेंच लिही. भय नाहीं असें लिहूं नको, तें खोटें होईल. एवढेंच लिही कीं मुलगा चीर दिसली तर उद्यांवर टाकीत नाहीं, आणि वडील माणसाचें ऐकतो." त्याप्रमाणें आम्हीं पत्र लिहिलें. तांदुळांतील पायलीभर वेगळे काढून त्यांनीं त्याचे अनारसे करविले आणि मिस्त्रीबाबांकडे पोंचवावे म्हणून पुतण्याकडे पाठविले. मुलीकडील उत्तर अद्याप यावयाचें आहे.